पावडर निवडली तो हिवाळा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं सरकतात आणि दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात. लंडनजवळ वॉटफर्डला आमच्या गल्लीत दिवाळीचे बाण आणि पाच नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटचे बाण बहुतेक वर्षी मागेपुढेच उडतात. आधी गुजराती शेजाऱ्यांचे, मग इंग्रज शेजाऱ्यांचे. हवा ओली असते, त्यामुळे धूर वर जात नाही, कुंपणाच्या उंचीवर तरंगत राहतो. मी वाळत घातलेले कपडे आत घ्यायला मागच्या दारी येते, तो वास नाकात शिरतो आणि टॉवेल तसाच हातात राहतो.

खरं तर तो वास वेगळा आहे. फटाक्यात गंधक असतं. ह्यू बेअर्ड यांच्या शेडमधल्या पावडरीत गंधक नव्हतं. तिचा डबा उघडला की नेलपॉलिशसारखा, थोडा गोडसर, ईथरचा वास यायचा. मी केमिस्ट्री शिकलेली बाई आहे, मला फरक कळतो. आठवणीला कळत नाही. तिला जळलेलं काहीही पुरतं. ती मला थेट पेंटलंडच्या टेकड्यांखालच्या त्या शेडमध्ये नेते, २००५ सालच्या हिवाळ्यात, आणि तिथं उभी करून स्वतः गप्प बसते.

मी तेव्हा एडिनबऱ्याच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होते आणि शहराबाहेरच्या एका खेड्यात बेअर्ड नवरा-बायकोच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. ह्यू सत्तरीला टेकलेले. आयुष्यभर मोजमापाची यंत्रं बनवली, नंतर निवृत्त. मोयरा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तीही निवृत्त. ती मला 'हेन' म्हणे, म्हणजे कोंबडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रात्रभर विचार केला की माझं काय चुकलं. मग कळलं की तिथं लाडानं असंच म्हणतात. ह्यू मला 'लास' म्हणत, म्हणजे पोरी. मी मात्र त्यांना कायम मिस्टर बेअर्डच म्हणत राहिले. ते म्हणायचे, मी काय तुझा हेडमास्तर आहे का? पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ वळायची नाही. इथं लिहिताना ह्यू लिहिते आहे, तेही थोडं चोरूनच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अण्णा जतच्या शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या पुसायच्या, मास्तर सांगतील ती काढून द्यायची. बाटल्यांवरची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नसत. कुठली बाटली कुठल्या फळीवर, तिचा खांदा कसा, तिचं बूच कसं, यावरून ते ओळखत आणि त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही. मी बीएस्सी झाले त्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन एकेका बाटलीचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. पंचवीस वर्षं ज्यांना हात लावला त्यांची नावं ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. पुढे कोल्हापूर, मग स्कॉलरशिप, मग एडिनबरा. मी जिथं पोचले तिथं कोणीतरी दार उघडून उभं होतं म्हणून पोचले, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. बर्फ पडला की ह्यू पहाटे गाडी काढून मला शिफ्टला सोडायचे. मोयरा माझ्याकडून लॅबच्या कामाला लागणाऱ्या रजिस्ट्रेशनच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायची. उपकार कसे फेडावेत हे मला कळायचं नाही, म्हणून मी दिसेल ते काम करायचे. भांडी घासायचे, पाला झाडायचे, न सांगता खिडक्या पुसायचे. मोयरा म्हणायची, हेन, एकदा बस ना गप्प.

दर नोव्हेंबरात ह्यू चार दिवस उत्तरेला डोंगरात जात. आर्ची नावाचा त्यांचा जुना मित्र तिथं स्टॉकर होता. स्टॉकर म्हणजे शिकाऱ्याला दबकत दबकत हरणापर्यंत नेणारा माणूस. डोंगरावर आता लांडगे उरले नाहीत, हरणं वाढली की झाडांची रोपं टिकत नाहीत आणि हरणंही कडक हिवाळ्यात उपाशी मरतात, म्हणून दर वर्षी काही माद्या कमी कराव्या लागतात, असं ते मला समजावत. मला ते पटायचं आणि पटायचंही नाही. पण त्यांची एक गोष्ट मला पूर्ण पटायची. एका गोळीत जनावर पडलं पाहिजे, त्याला काही कळायच्या आत. ते जमणार नसेल तर बंदूक खांद्यावरून काढायची नाही. तीस वर्षांत त्यांनी एकही जखमी हरीण मागं सोडलं नव्हतं. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. मोयरानं मला सांगितलं, तेही हळू आवाजात.

काडतुसं दुकानात तयार मिळतात. ह्यू आपली स्वतः भरत. उडालेल्या काडतुसाची पितळी नळी जपून आणायची, साफ करायची, मापात बसवायची, तिच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी ठोकायची, आत पावडर तोलून घालायची, वर गोळी बसवायची. मोयरा म्हणायची, घरी ब्रेड भाजण्यासारखंच आहे हे, फक्त खाता येत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात दुकानदारानं त्यांना सांगितलं की त्यांची नेहमीची पावडर आता येणार नाही, कारखान्यानं ती बनवणं बंद केलं. पंचवीस वर्षं एकच पावडर वापरलेला माणूस. कोणाच्या तरी मयतीला जाऊन आल्यासारखे घरी आले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "लास, तू केमिस्ट आहेस ना? मग चल."

असा तो आमचा हंगाम सुरू झाला. ऑगस्ट ते ऑक्टोबर, दर शनिवारी, शेडमध्ये. घरी फोनवर मी 'पावडर' म्हणायचे. 'दारू' म्हटलं असतं तर आईनं फोन खाली ठेवला नसता.

तीन पावडरी आणल्या होत्या. पहिली बारीक गोळ्यांची, राजगिऱ्यासारखी. मापातून पाण्यासारखी वाहायची, हाताला सुख. बाकी दोन काड्यांच्या. जिऱ्याहून आखूड, काळ्या-करड्या, पेन्सिलीचं शिसं बारीक तुकडे करून ठेवावं तशा. दोघी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी. भिंगाखाली धरलं तर एकीचा दाणा केसभर लांब दिसायचा, आणि लांब दाण्याची ती सावकाश जळायची. तेवढा एकच फरक, पण सगळा फरक त्यातच. ह्यू म्हणायचे, ही स्फोट करायची वस्तू नाही, जाळायची आहे. फार भराभर जळली तर रायफलही जाते आणि डोळेही. फार सावकाश जळली तर तिचं पुरतं जळून व्हायच्या आत गोळी रायफलीच्या नळीबाहेर पडते, मंद जाते आणि लांब अंतरावर खाली उतरते. आपल्याला मधली हवी. आपल्या रायफलीला, आपल्या गोळीला, आपल्या थंडीला मानवणारी.

मी तराजूवर बसायचे. दार बंद, पंखा बंद, बोलणं बंद, कारण श्वासानंसुद्धा पारडं हलायचं. कंपनीच्या पुस्तकातल्या सर्वांत कमी वजनापासून सुरुवात करून थोडं थोडं वर जायचं आणि पुस्तकात लिहिलेल्या टोकाला कधी टेकायचंही नाही, असा त्यांचा शिरस्ता. मी वहीत रकाने आखले होते, तारीख, हवा, वजन, वेग. गोळ्या बसवायचं काम त्यांचं. मग ते नेमबाजी क्लबच्या रेंजवर जाऊन कागदावर झाडून यायचे, येताना कागद घेऊन यायचे, आणि आम्ही स्वयंपाकघरात तो टेबलावर पसरून भोकं बघायचो. मोयराच्या कोटाच्या बटणाखाली तिन्ही भोकं झाकली गेली तर ह्यू दुसरा चहा मागायचे.

थंडीची परीक्षा वेगळी. काही काडतुसं बर्फाच्या पेटीत घालून ते रेंजवर न्यायचे आणि काही खिशात ऊबेत ठेवायचे. राजगिऱ्यासारखी पहिली त्यात नापास झाली. गारठली की तिचा वेग बदलायचा. ह्यूंना वाईट वाटलं, मला जास्त, कारण ती तोलायला सगळ्यात सोपी होती. मोयरा दारातून म्हणाली की या माणसानं आमचा सोफा दहा मिनिटांत निवडला होता आणि तो सोफा बघ. ह्यू म्हणाले, सोफ्यावर बसून कोणी मरत नाही. ती म्हणाली, त्या सोफ्यावर? मला शंका आहे.

शेडमध्ये नियम एकच होता. बाकावर एका वेळी एकच डबा. काम झालं की मापात उरलेली पावडर त्याच डब्यात परत, झाकण घट्ट, डबा फळीवर, मगच दुसरा खाली. हा नियम मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितला आणि परत कधी सांगावा लागला नाही. मी लॅबची मुलगी, अण्णांची मुलगी. मी तो नियम एकदाही मोडला नाही. हे मी आजही मनाशी घोकते, जसं काही त्यानं काही होणार आहे.

दोन बहिणींतली भरभर जळणारी निवडली. सावकाश जळणारीचे कागद चांगले यायचे, पण पितळी नळी काठोकाठ भरूनही तिचा वेग कमीच पडायचा. शेवटच्या शनिवारी मी निवडलेल्या पावडरीच्या डब्यातला तळाचा चमचा तोलला आणि डबा रिकामा झाला. नवा सीलबंद डबा वरच्या फळीवर होताच. रिकामा झाल्याचं मी ह्यूंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मग ती दोघं आठवडाभर मुलीकडे ब्रिस्टलला गेली. घर माझ्यावर सोपवून. रायफल आणि भरलेली काडतुसं पोलादी कपाटात, त्याची किल्ली ह्यूंच्या खिशात. शेडची किल्ली मात्र स्वयंपाकघरात खिळ्याला. मी ठरवलं की ती परत येतील तेव्हा शेड आरशासारखी करून ठेवायची. दोन दिवस खपले. पितळेचा चुरा झाडला, फळ्या पुसल्या, स्क्रू जाडीप्रमाणे लावले. नापास झालेल्या सावकाश पावडरीची प्लास्टिकची बाटली झाकणापाशी तडकली होती. आत अजून दोन मुठी पावडर होती. ह्यू जाताना म्हणाले होते की आल्यावर ती गुलाबांच्या मुळाशी टाकतो, नायट्रोजन असतो, खत होतं. तोवर तिला दमट लागू नये म्हणून मी ती स्वच्छ कोरड्या डब्यात काढून ठेवली. रिकामा झालेला तो डबा समोरच होता. चांगला, घट्ट झाकणाचा. मी एका कागदावर तिचं नाव लिहिलं, सेलोटेपनं डब्याला चिकटवलं आणि डबा खालच्या फळीवर ठेवला. चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे डब्यावर छापलेलं कोणी वाचत नाही. जतच्या घरात चॉकलेटच्या पावडरीच्या बरणीत मोहरी असायची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पापड, वनस्पती तुपाच्या डब्यात ज्वारीचं पीठ. बाहेर काय छापलंय यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या घरात उपाशी मेला असता. आईनं वर खडूनं एक रेघ ओढली की तेच त्याचं नाव. इतकं अंगात भिनलेलं होतं की मी जे करते आहे ते काय आहे, हे मला दिसलंच नाही. ज्या देशात डब्यावर छापलेलं हाच शेवटचा शब्द असतो, तिथं मी एका डब्याला खोटं बोलायला लावलं आणि त्याच्या तोंडावर कागदाचा एक तुकडा चिकटवला.

परत आल्यावर ह्यूंनी शेड पाहिली आणि म्हणाले की त्यांची आई आली असती तर तिला इथं राहायला आवडलं असतं. मी इतकी सुखावले की डब्याचं सांगायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या लागोपाठ शिफ्ट होत्या. ह्यूंनी डोंगरासाठी वीस काडतुसं एकट्यानं भरली. काटकसरी माणूस, नवं सील फोडण्याआधी उघडलेला डबा संपवणारा. तडकलेली बाटली दिसली नाही, तेव्हा ती मी गुलाबांना घातली असंच त्यांनी धरलं असणार. पावडर दिसायला तीच, वजन तेच, पितळी नळीत उंची जवळजवळ तीच. आणि कागद तोवर गळून पडला होता. स्कॉटलंडच्या दमट शेडमध्ये सेलोटेप किती दिवस टिकणार? हेही मला, केमिस्ट बाईला, सुचायला हवं होतं.

डोंगरात काय झालं ते मी तुकड्यातुकड्यानं ऐकलं, थोडं मोयराकडून, थोडं आर्चीच्या फोनवरून. गेल्या गेल्या ह्यूंनी नेमाप्रमाणे कागदावर तीन गोळ्या झाडून रायफल तपासली. त्यासाठी आम्ही दोघांनी मिळून भरलेल्यांपैकी शिल्लक पाच होती, त्यातली वापरली. तिन्ही जागच्या जागी. मग मॅगझीनमध्ये नवी भरली. सकाळभर सरपटत, ओल्या गवतातून, ती दोघं एका कळपाजवळ पोचली. आर्चीनं एक म्हातारी मादी दाखवली. ह्यूंनी वेळ घेतला, श्वास सोडला, चाप ओढला. गोळी वीतभर खाली गेली. पुढचा पाय मोडला. ती पडली, उठली आणि तीन पायांवर कड्यापलीकडे गेली. तेवढ्यात ढग खाली आले. अंधार पडेपर्यंत दोघं शोधत होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पुन्हा, गारांमध्ये, आर्चीची कुत्री घेऊन. रक्ताचे थेंब एका ओढ्यापाशी संपले.

ह्यू एक दिवस आधीच परत आले. कोट न काढता स्वयंपाकघरात बसले. मोयरानं चहाचं पाणी ठेवलं. मी वर जायला निघाले तेव्हा ते तिला म्हणाले, "माझा हात हलला, मोयरा. मला कळलंही नाही, आणि हलला."

दोन दिवसांनी मी शेडमध्ये झाडू आणायला गेले. बाकाच्या पायामागे, धुळीत, तो कागद उपडा पडलेला होता. उचलून पाहिला तर माझं अक्षर. खालच्या फळीवरचा डबा हातात घेतला, हलवला. थोडीशी उरलेली होती. वरच्या डब्याचं सील तसंच होतं.

सगळं त्या क्षणी कळलं. कुठला पाय, कुठला डोंगर, कुठला हात, सगळं. तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. कपाटात त्या विसांतली एकोणीस काडतुसं होती. एखादं उघडून दाणे भिंगाखाली धरले असते तर लांबी सांगून गेली असती. पाच मिनिटांचं काम.

मी कागद खिशात घातला आणि व्हरांडा झाडला.

का, याची कारणं मी तेव्हा मनाशी बरीच जमवली होती. माझं वर्क परमिट नूतनीकरणाला गेलं होतं. पोलीस चौकशीला आले तर काय, परदेशी बाई, बंदुकीची पावडर, हॉस्पिटलला कळलं तर काय, अण्णांनी गावात कोणाला तोंड दाखवायचं. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्याखाली एक होतं, ते मी आज लिहू शकते. या घरात मी कधी चुकले नव्हते. मी चांगली होते म्हणून मला इथं जागा होती, असं मी धरून चालले होते. तसं मला कोणी म्हटलं नव्हतं.

रविवारी सांगू, म्हटलं. रविवार गेला. मग पुढचा.

त्या दिवसांत घर फार शांत झालं. हरणी दिसायची मला, बसच्या काचेत, लॅबमधल्या सेंट्रिफ्यूजच्या गरगर आवाजात, तीन पायांवर. कड्यापलीकडे तिचं काय झालं असेल, किती दिवस लागले असतील. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी तिच्या पुढच्या पायाची हालचाल मला पाठ झाली होती. ह्यूंनाही ती दिसत असणार. ते जेवता जेवता थांबायचे. त्यांनी गाडी चालवणं मोयराकडे दिलं. बारीक स्क्रूचं काम आलं की शेजाऱ्याकडे पाठवू लागले. आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवून बघत बसायचे, दुसऱ्या कोणाचा तरी वस्तीला आलेला असावा तसा. हात अगदी स्थिर असायचा. मी समोर बसून त्यांना चहा ओतून द्यायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी मोयरानं भाजलेलं मांस टेबलावर ठेवलं आणि सुरी ह्यूंपुढे सरकवली. त्यांनी ती परत तिच्याकडे सरकवली. म्हणाले, तूच काप, मी वाकडं कापीन. मोयरानं कापलं. जाड, वेडेवाकडे तुकडे.

जेवणं झाल्यावर मी सांगितलं. उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तसं. तडकलेली बाटली, रिकामा डबा, कागद, सेलोटेप. खिशातून कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. शेवटी मी म्हणाले, "मिस्टर बेअर्ड, हात तुमचा नव्हता. डबा माझा होता."

त्यांनी कागद उचलला, चष्म्यातून बघितला, घडी घातली. मी म्हटलं की एक काडतूस उघडा, भिंगाखाली बघा. ते म्हणाले, कुठून उघडू? रायफल आणि काडतुसं डोंगरातून परतले त्याच आठवड्यात त्यांनी व्यापाऱ्याला देऊन टाकली होती आणि परवाना पोलिसांकडे परत केला होता. काडतुसं त्यानं मोडलीही असतील. डब्यातली पावडर? गुलाबांना. डबा? मंगळवारी कौन्सिलच्या कचरागाडीतून गेला. हे सगळं ते हळुवार सांगत होते, मुलाला सांगावं तसं.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"लास, हे तीन आठवड्यांपूर्वी घडलं असतं, तर तू मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंस. तुला मी ओळखतो. तू प्रामाणिक पोरगी आहेस. असलं काही पोटात ठेवून तू माझ्यासमोर जेवली नसतीस."

मोयरा उठली, तिनं माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, बघ ह्यू, तुझ्यासाठी पोरीनं काय काय रचलं. तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यात मी इतकी एकटी कधी पडले नाही.

मी नंतरही दोनदा सांगून पाहिलं. एकदा पत्रातून, सगळं मुद्द्यांनी लिहून, वहीतले आकडे देऊन. ह्यूंनी उत्तरात लिहिलं की तुझं अक्षर फार सुंदर आहे. सहा वर्षांनी ते गेले. मी तेव्हा वॉटफर्डला आलेले होते, अंत्यविधीला ट्रेननं गेले. चर्चनंतर हॉलमध्ये सँडविचं होती. मोयरा मला हाताला धरून एकेकाकडे नेत होती आणि प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होती, म्हाताऱ्याचं मन राखायला ही मुलगी कशी सगळं स्वतःवर घ्यायला निघाली होती. लोक माझा हात हातात घेऊन दाबत होते. आर्ची मात्र गोष्ट ऐकून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मला वाटलं, हा विचारेल. मी तयार होते. त्यानं नजर वळवली आणि सँडविच घेतलं.

आता माझ्या स्वयंपाकघरात कुठलीही बरणी गरम पाण्यात भिजवून, छापलेला शेवटचा कण खरवडून काढल्याशिवाय मी तिच्यात काही भरत नाही. माझी मुलगी इथंच जन्मली, इथंच वाढली. ती म्हणते, "आई, हा बरणी ऑलरेडी क्लीन आहे, तू काय करतेस?" मी म्हणते, असू दे. नखांखाली डिंक राहतो.

ज्यांच्या हातून चुका होतात त्यांना शिक्षा मिळते, नाहीतर माफी मिळते. दोन्हींनी माणूस कुठंतरी जाऊन पोचतो. मला कौतुक मिळालं. ते दर वर्षी, दिवस लहान झाले की, पुन्हा येतं.

पण आज टॉवेल हातात धरून उभी होते तेव्हा चर्च आठवलं नाही, टेबलही नाही. आठवला तो त्या रविवारनंतरचा जानेवारी. बर्फ वितळून गेला होता आणि आम्ही तिघं टेकडीखालच्या तलावाकडे फिरायला निघालो होतो. वाटेत एक ओढा आहे, त्यात पाय ठेवायला सात-आठ दगड टाकलेले आहेत. ह्यू लहानपणापासून ते ओलांडत आलेले. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा ते उलटे चालत मला नाचून दाखवत पलीकडे गेले होते आणि मोयरानं त्यांना मूर्ख म्हटलं होतं. त्या दिवशी ते काठावर थांबले. पाणी खळाळत होतं. ते दगडांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला.

"हात दे, लास. आता माझा मला भरवसा नाही."

मी पुढे झाले, पहिल्या दगडावर उभी राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं. यंत्रं बनवणारा हात, तीस वर्षं हिवाळ्यात न हललेला. एकेक दगड आम्ही सावकाश ओलांडला. माझे पाय घसरत होते, शेवाळ होतं, आणि दोन वेळा मीच पडणार होते. दोन्ही वेळा त्या हातानं मला सावरलं. तो कणभरही थरथरत नव्हता. मला ते मनगटाच्या हाडापर्यंत जाणवत होतं आणि सांगायला माझ्याकडे कुठलाही शब्द उरला नव्हता.

पलीकडे पोचल्यावर त्यांनी पकड सोडली. माझ्या मनगटावर चार बोटांचे पांढरे वळ उठले होते, हळूहळू लाल होत होते. ह्यू मागे वळून, अजून अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या मोयराला ओरडून सांगत होते, "बघितलंस? ही नसती तर मी पडलोच असतो."